सलगतेची नोंदवही

माझं काम एवढंच: काय सुटलं ते बघायचं.
नायिकेचं कितवं बटण उघडं होतं,
रक्ताचा डाग डाव्या बाहीवर की उजव्या,
कपातला चहा अर्धा की पाऊण.
सगळं वहीत. तारीख, वेळ, शॉट नंबर.

पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेला चार तास,
मग रस्ता संपतो, आणि पुढे आणखी एक तास.
तिथे आम्ही एका खंबीर बाईची फिल्म करत होतो.
धूळ ॲडलेडहून आणलेली, गोण्या भरून, चाळून;
इथली पडद्यावर फार लाल दिसते म्हणे.
मेकअपवाली ब्रशने नखांत मळ भरायची,
रोज सकाळी, नखागणिक.

हेस्टर पोल्किंगहॉर्न. साल एकोणीसशे एकोणपन्नास.
नवरा मेंढ्या घेऊन लांब, लोकरीच्या शेडला आग.
पटकथेत ती घोड्यावर मांड ठोकते,
पाठीला बंदूक, आणि मावळतीकडे दौडत जाते.
सूर्य बुडायच्या आत सात वेळा गेली.
सातही वेळा वेणीतून सुटलेली बट
मी तीच, तिथेच सोडली.

तिची मुलगी एनिड, ब्याऐंशी वर्षांची,
सल्लागार म्हणून घडीच्या खुर्चीवर, तोंडावर माशांची जाळी.
दिग्दर्शकाने विचारलं, आई बंदूक कशी धरायची?
'दोन खिळ्यांवर आडवी ठेवलेली. तिच्यावर मोजे वाळायचे.'
आणि घोडा?
'घोड्याला भ्यायची. जन्मभर.'
मग त्या रात्री?

'त्या रात्री आई टेबलाखाली होती. मी तिच्या मांडीवर.
तिला हुंदका आला की टेबल हलायचं,
वर काटेचमचे वाजायचे.
आग आयव्हीने मारली, ओल्या गोणपाटांनी,
एकटीने, पहाटेपर्यंत, अनवाणी.
उजाडल्यावर आई बाहेर आली, आयव्हीचे तळवे बघितले,
आणि पीठ मळायला घेतलं.
दुसरं काय करणार?'

दिग्दर्शक बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, सुंदर आहे.
सुंदर आहे, पण यात नायिका कोण?

पटकथेत आयव्हीची एक ओळ होती. म्हणजे तिच्याविषयी:
'टाकीजवळ एक आदिवासी बाई, हातात बादली.'
तीन सेकंद. नाव नाही.
उभं राहायला तिची नात आली होती, जेरलीन,
क्वॉर्नच्या इस्पितळात नर्स, एका दिवसाची रजा टाकून.
तिला सांगितलं, आगीकडे बघ.
आग नंतर भरू.

खंबीर म्हटलं की मला खांब ऐकू येतो.
छप्पर दुसऱ्याचं, भार आपला,
आणि फोटो काढताना कुणीतरी म्हणतंच,
जरा सरका, तो खांब मध्ये येतोय.

पहिला टेक. बादली नीट.
दुसरा टेक. वारा.
तिसऱ्याला तिने मान वळवली
आणि थेट कॅमेऱ्यात पाहिलं.
रागाने नव्हे. रात्रपाळीची नर्स पेशंटकडे पाहते तसं:
कुठे दुखतंय, कधीपासून.

हेच माझं काम होतं. मी ओरडायला हवं होतं.
मी वहीत लिहिलं: शॉट एकशे बारा, टेक तीन, ठीक.
अठरा वर्षांत एवढी एकच चूक.

पहिला खेळ तिथल्याच हॉलमध्ये लावला.
प्लास्टिकच्या खुर्च्या, छतावर पावलं वाजवणारे पोपट, अर्धं गाव.
घोडा दौडला तेव्हा टाळ्या पडल्या.
एनिड इतकी हसली की ठसका लागला,
शेजारणीने पाण्याची बाटली पुढे केली.
जेरलीन नव्हती. तिची पाळी होती.

दिवे लागले. वाईन, चीजचे चौकोन, फोटो.
एनिड काठी टेकत प्रोजेक्टरवाल्या पोराकडे गेली.
'मागे घे.'
'कुठपर्यंत, मिसेस पी? घोडा?'
'बादली.'