विषय क्रमांक चार

इतिवृत्ताच्या वहीत मी लिहिलं,
'विषय क्र. ४ : मनाचा तास. सविस्तर चर्चा झाली.'
खाली अकरा सह्या, एक अंगठा.
बत्तीस वर्षं हेच अक्षर, हीच निळी शाई.
सविस्तर म्हणजे काय, ते वहीनं कधी विचारलं नाही.

तांबोळी बाईंनी जूनमध्ये
बिस्किटांचा रिकामा डबा आणला घरून
आणि चिंचोके शेरभर.
ज्याला दिवस जड गेला त्यानं एक टाकायचा.
नाव नाही, कारण नाही,
शनिवारी सगळ्यांनी मिळून मोजायचे.
मला वाटलं, चला, बेरीज तरी होतेय.

श्रावणात एका शनिवारी एक्याऐंशी निघाले.
सहावी-सातवी मिळून पट अठ्ठावीस.
कुणाचे, हे बाईंनी विचारलं नाही.
मागच्या ओळीतून आपणहून आवाज आला,
आम्ही पोरी शाळेत पाणी पीत नाही, बाई.
संडासातल्या नळाला थेंब नाही. मग जायचं कुठं?

सोमवारी शाळा सुटल्यावर
तेरा पोरी ग्रामपंचायतीत गेल्या
आणि सरपंचांच्या टेबलावर बाटल्या मांडून आल्या.
सकाळी घरनं भरलेल्या, काठोकाठ तशाच.
घोषणा नाही, फलक नाही.

म्हणून ही सभा.

जालिंदरतात्या म्हणाले, 'आज बाटल्या, उद्या मोर्चा.
पोरं शिकायला घातल्यात का चळवळीला?
भागाकार बघा जरा.'
खोटं नव्हतं. भागाकार कच्चा आहे.
तात्यांची पाठ खिडकीकडं होती.
खिडकीबाहेर बेचाळीसचा दगड,
त्यावर सातवं नाव त्यांच्या चुलत्याचं,
वय वर्षं पंधरा, शाळा सोडून गेलेला.
दर पंधरा ऑगस्टला हार तात्याच घालतात.
कुणी बोललं नाही. मीही नाही.

मग ईश्वरीची आई उठली.
तिचा नवरा सेलमला सोनं गाळतो.
विट्याच्या या पट्ट्यात निम्मं गाव गाळतं,
कोण कटकला, कोण कोईमतूरला,
दिवाळीला येतात ॲसिडनं पिवळी पडलेली बोटं घेऊन.
'पाण्याचं बेस केलं, बाई,' ती म्हणाली.
'पर माझ्या पोरीनं तुमच्या तासाला सांगितलं,
पप्पांचा तीन म्हैनं फोन न्हाई.
आन सांजच्याला गिरणीत बायका मला इचारत्यात,
काय गं, काय झालं?
दुःख माझं हुतं. मी झाकून ठेवलं हुतं.
तुमी झाकान काढलं, ते लावायचं कुणी?'

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

'चुकलं माझं,' बाई म्हणाल्या.
'गिरणीपर्यंत जाईल हे सुचलं नाही मला.
पण ताई, बोलली त्याच्या आदल्या आठवड्यात
ती मूठ मूठ टाकत होती.'

ईश्वरीची आई खाली बसली.
पटलं म्हणून, की पाय गळाले म्हणून,
मला इथून दिसलं नाही.

कुणी म्हणालं तास बंद करा,
कुणी म्हणालं डबा राहू दे, बोलणं नको.
चहा आला. त्यात साखर जास्त होती,
यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.
ठराव पुढील सभेत.

मी मेमध्ये निवृत्त होतोय.
किती पोरांना म्हणालो असेन,
रडतोस काय, पाढा म्हण.
सतरा साते एकोणीसाशे म्हणत म्हणत ती गप्प व्हायची
आणि मी समजायचो, बरी झाली.

नळाला अजून पाणी नाही.
पंचायतीच्या शिपायानं काल बाटल्या परत आणून दिल्या,
तेराच्या तेरा, धुऊन, रिकाम्या.
कपाटावर उभ्या आहेत.
जडवस्तूंच्या नोंदवहीत त्या घ्यायच्या का,
आणि घ्यायच्या तर किंमत काय लावायची,
पेन उघडून बसलोय.