मीटर

सायकल अठ्ठावीसची, काळी, सासऱ्यांची.
इंजिन मी बसवलं, फवारणीच्या पंपाचं,
गेल्या उन्हाळ्यात, कारखाना महिनाभर बंद होता तेव्हा.
पळते. पण किती पळते?
तीस, म्हणतो दासरी. पन्नास, म्हणतो त्याचा पोरगा.
सत्यम्मा म्हणते, पडाल एवढी.

चौतीस वर्षं मी मागांच्या मध्ये उभा, जॉबर.
मिनिटाला एकशे वीस पिकं. कान लावला की कळतं.
एकशे अठरा झाली, तर पट्टा सैल.
माझा वेग मात्र कुणी कधी मोजला नाही.
त्याची मजुरी कुणाला द्यायची नव्हती.

विजापूर वेशीत मौला नदाफच्या ढिगात
जुन्या मोपेडचा काटा सापडला,
गोल, जड, काच चाळिसापाशी तडकलेली.
हातात घेतला आणि ठेववेना.
पण त्याचं दातेरी चाक लहान चाकासाठी कापलेलं,
आमच्या थोरल्या चाकावर तो
मालकाच्या काउंटरसारखा कमीच दाखवणार.
मौला म्हणाला, घे रे, शोभेला घे.
शोभेसाठी पेट्रोल जाळत नाही मी.

नवी पेठेत आकड्यांचे होते, काडेपेटीएवढे.
बिनवायरचा दिसायला देखणा,
पण प्लगची ठिणगी उडाली की भरकटतो,
असं दुकानातलं पोरगंच म्हणालं,
आणि महागडा परत कपाटात ठेवला.
मी वायरवाला घेतला. साडेचारशे.
पोरग्याचं नाव विचारायचं राहिलं.

विडी घरकुलच्या गल्लीत, दुपारच्या सावलीत,
टायरवर खडूचा ठिपका,
फरशीवर खडूचा ठिपका,
एक फेरा, पुन्हा ठिपका, मधे टेप.
दोन हजार दोनशे वीस मिलिमीटर.
मग सीटवर बसून पुन्हा ढकलली.
दोन हजार दोनशे चार.
सत्यम्मा पानं कापत बघत होती.
माणूस बसला की चाक लहान होतं?
होतं. सोळा मिलिमीटर.
ती हसली, तिच्या माहेरच्या तेलुगूत काहीतरी बोलली,
मी ऐकलं नाही असं दाखवलं.

चुंबक आरीला, डोळा चिमट्याला,
मधे रुपयाचं नाणं सरकेल एवढीच फट.
सगळं जमलं, अडलं ते हँडलवर.
पट्टी आखूड, नळी जाड.
पत्रा पाहिजे होता, बोटभर, न वाकणारा.
तिने काही न बोलता पुढे केला
पानं कापायचा जुना साचा.
कडा झिजून झिजून वस्तऱ्यासारख्या,
मधोमध तिच्या अंगठ्याची चकाकी.
नवा कधीच आणलाय, म्हणाली, तो वापरा.
दोन भोकं पाडली. पाडताना हात जरा थांबला.

पहाटे अक्कलकोट रोडला पहिली फेरी.
सायकल उभी, इंजिन चालू, आणि आकडा म्हणतो अठ्ठ्याऐंशी!
वायर प्लगच्या वायरीला चिकटलेली.
दुसऱ्या बाजूने घेतली, बॉबिनच्या सुताने बांधली.
मग खरं बोलायला लागला.
एकोणतीस. एकतीस. एमआयडीसीच्या उतारावर तेहतीस.
मैलाच्या दगडांनी साक्ष दिली, थोडी कुरकुरत.
तिथून परत येईपर्यंत कानाला पाठ झालं,
एकतीसला इंजिन कसं वाजतं.
आता न बघता सांगतो.
साडेचारशे गेले म्हणा.

शनिवारी ती मागे बसली,
विड्यांचे कट्टे पाटीत, पाटी मांडीवर,
कारखान्यात नगाला नग मोजून द्यायचे.
खांद्यावरून वाकून विचारलं, किती?
सत्तावीस.
हजाराला?
तासाला गं.
थोडा वेळ गप्प. अशोक चौक गेला.
मग म्हणाली, तासाला मी शंभर वळते.

आकड्याखाली तिचा पत्रा थरथरत होता.
मी मूठ जरा सैल सोडली.
पंचवीस. तेवीस.
पाटीतले कट्टे
वाजायचे थांबले.