तीनच का

शून्य ते दहा, सोडायची इच्छा किती?
मर्डो खिडकीबाहेर बघतो.
पीटरहेडच्या धक्क्यावर आज बोटी बांधलेल्याच,
वारा उत्तरेचा.
"तीन," म्हणतो, उधारी कबूल केल्यासारखं.

दहा का नाही, असं विचारायचं नसतं.
ते विचारून त्याची बायको दमली,
आई विचारता विचारता गेली.
मी विचारते : तीन का? एक का नाही?

हीटर टिकटिकतो.
त्याची बोटं टेबलाच्या कडेशी
नसलेलं जाळं विणत राहतात.
गाठ, ओढ, गाठ.

"मंगळवारी त्या जिन्यापाशी थांबलो होतो.
खिशात पैसे होते.
पण नेल सोबत होती. तिला आता पायऱ्या चढवत नाहीत,
आणि खाली एकटी बांधली की रडते.
परत फिरलो.
हे काही धरू नका."

मी धरते.
वहीत लिहिते : कुत्री, म्हातारी.
त्याखाली मेथाडोनचा डोस, तारीख, सही.

माझ्या नवऱ्याला मी असं कधीच विचारलं नाही.
कपाटं उचकायची,
बाटल्या सिंकमध्ये रिकाम्या करायची,
आणि ओरडायची, शेजारी दिवे लावेपर्यंत.
ते कुठल्या वहीत नाही.

पुढच्या गुरुवारी तो निथळत येतो.
"दोन," खुर्चीत बसायच्या आधीच.
चेहरा हलू द्यायचा नाही, असं शिकवलंय आम्हाला.
दोन का? शून्य का नाही?

बराच वेळ नुसता हीटर.
मग तो हसतो, दात नसलेल्या बाजूने :
"शून्य असतं तर, बाई,
या पावसात दोन बस बदलून
कोण आलं असतं?"