डाव्या शिंगाचा टवका

साकेतनं काउंटरवर पिवळा फडका अंथरला
आणि त्यावर तिघे मांडले,
सोनार कुड्या मांडतो तसे.
मोदी नंबर तीनची गल्ली, मे महिना,
कूलरच्या ताट्या दुपारी दोनलाच कोरड्या.
"पाहा काका, निवांत पाहा. बोहनी झालीये माझी."

पहिला अठ्ठावीसशेचा. उभा, पारदर्शक जांभळा.
आतली हिरवी पाटी दिसते, स्क्रू दिसतात,
काही लपवायचंच नाही त्याला.
दुसरा सहा हजारांचा, आडवा, धातूचा,
धरला की तळहात गार.
तिसरा मिटतो, तंबाखूच्या डबीसारखा,
उघडताना टक् करतो.
त्याची किंमत साकेतनं लगेच सांगितली नाही.

मी बस डेपोतला इलेक्ट्रिशियन.
वस्तू अंगठ्यानं जोखायची, डोळ्यांनी नाही, एवढं कळतं.
पहिल्याचं बटण मऊ: वर म्हटलं की जरा उजवीकडेही जातं,
पत्ता विचारला तर घरचं सगळं सांगणाऱ्या माणसासारखं.
दुसऱ्याचं कडक.
तिसऱ्याचं... पुन्हा दाबलं. पुन्हा.

मग तिघांत एकच खेळ लावायला सांगितला.
आम्ही त्याला नुसतं 'लाल विमान' म्हणायचो,
तांडापेठेत, खोब्रागडे काकांच्या खोलीत,
रुपयाला दहा मिनिटं.
टीव्हीचा वरचा कोपरा कायमचा हिरवा,
कारण गुण्यानं एकदा तिथे स्पीकरचं चुंबक लावून पाहिलं होतं.
चौथ्या टप्प्यावर, पुलापाशी,
दुश्मन एवढे यायचे की खेळच दमायचा.
गोळ्या पाण्यातून चालल्यासारख्या.
त्या ढिलाईत गुण्या वाट काढायचा.
"आता पाह्य बे," म्हणायचा, जीभ दातात धरून.

पहिला पुलाच्या कितीतरी आधी अडखळला,
आवाज फाटला, विमान हवेत थबकलं.
तो त्याचा स्वतःचा दम. अठ्ठावीसशेचा.
दुसरा दमलाच नाही.
पुलावरून गोळ्या सरसर आल्या
आणि मी तीनदा मेलो.
"याची ताकद पाहा काका!"
तिसरा पुलापाशी पोचला
आणि हळू झाला.
नेमका तिथे. तेवढाच.

"हा बिघाड नाही हं," साकेत घाईनं म्हणाला,
"जुनं मशीन इथे दमायचं, म्हणून हा दमतो.
याला दमायची गरज नाही."

आमच्या घरी बैल नव्हते. कोष्ट्याचं घर, माग होता.
तान्ह्या पोळ्यासाठी बाबांनी सुखदेव सुताराकडून
चाकांचा लाकडी नंदी करून घेतला,
रंग द्यायच्या आधी
पटाशीनं त्याच्या डाव्या शिंगाचा टवका उडवायला लावला.
कुहीला, आजोळी, ढवळ्याचं शिंग तसंच होतं.
गल्लीतली पोरं हसली: फुटका बैल, फुटका बैल.
बोजारा न घेताच मी रडत घरी आलो.
बाबा मागावरून उठले नाहीत.
धोटा तिकडून इकडे आला, मग म्हणाले,
"ज्याचा बैल, त्याचंच शिंग."

तेव्हा मला ते समजूत काढणं वाटलं.
तेही नीट न जमलेलं.

गुण्या आता बुटीबोरीला, रात्रपाळीत.
दुपारी झोपलेला असणार, तरी तिसऱ्याचा फोटो पाठवला.
उत्तर दोन मिनिटांत:
"हिरवा कोपरा हाये काय बे?"

मी साकेतला विचारलं.
त्यानं सेटिंग उघडली, मनापासून शोधलं.
जुन्या काचेचा फुगीरपणा होता,
आडव्या रेघा होत्या,
मुंग्या होत्या, रंग फिका करायची सोय होती.
"हिरवा कोपरा नाही, काका."

"मग पाचशे कमी कर."
तो हसला.
मी नाही हसलो.