तार मेली का?

वाठोड्याच्या सबस्टेशनमागे कडुलिंबाखाली
एक लोखंडी खुर्ची आहे, एक हात तुटलेली.
निमजे तिच्यावरच बसून रिटायर झाले.
आता सकाळची शिफ्ट सुरू व्हायच्या आधी
मी बसते तिथे, वही घेऊन,
आणि पोरं म्हणतात, मॅडमची पूजा चालू आहे.

मे महिना. दिवसा सेहेचाळीस.
रात्री अकरालाही भिंतीला पाठ टेकवत नव्हती.
अर्ध्या नंदनवनचे कूलर एकदम थांबलेले,
फाटकाबाहेर दीडशे माणसं, कुणाच्या कडेवर लेकरू,
कुणीतरी ओरडलं, "बाईले काय समजते बे!"
उईके खांबाखाली उभा, कमरेला पट्टा.
म्हणाला, "मॅडम, अर्थिंगची साखळी गाडीतच रायली.
घेऊन येऊ का? पाच मिनिटं."
मी म्हटलं, चढ.

एवढंच. दोन अक्षरं.

गल्लीतल्या मंगल कार्यालयाचा जनरेटर
बंद लाइनीत उलटा वाहत होता.
उईकेची दोन बोटं गेली, उजव्या हाताची.
चौकशी झाली. दोष जनरेटरवाल्याचा निघाला.
साहेबांनी कौतुक केलं,
म्हणाले, प्रसंगी निर्णय घेतलात, लीडरला हेच लागतं.
त्या दिवशी मी पोटभर जेवले, झोपही लागली.
हे पण वहीत आहे.

वही निमजेंनी दिली, जाताना, टपरीवर.
"रिपोर्ट लिहू नका. रिपोर्टात कोणाचंच डोकं नसते.
त्या टायमाले तुमच्या मनात काय होतं, ते लिहा.
मंग आठ दिवसांनी वाचा, अन् खोटं असन ते खोडा."

पहिल्यांदा लिहिलं: जनरेटर.
खोडलं.
मग: गर्दी.
मग: साखळी गाडीत विसरला तो उईके.
हे वाक्य मी तीन महिने खोडलं नाही.
दिवाळीच्या सुमारास, कंदील लावायचा राहिला होता तेव्हा,
लिहिलं: मला लाज वाटली.
पुरुषांच्या गर्दीपुढे काही न करता
पाच मिनिटं नुसतं उभं राहायची.

तार बंद केली म्हणजे मेली असं नसतं.
पोरांना आम्ही हे पहिल्या दिवशी शिकवतो.
आत काय उरलंय, मागून कोण काय सोडतंय,
सांगता येत नाही.
साखळी टाकायची, जमिनीला विचारायचं,
मग हात लावायचा.
पंधरा वर्षं शिकवते आहे.

आता रोज कामाआधी मी विचारते:
माझं कुठे चुकतंय, कुणाला दिसतंय का?
सहा महिने कुणी तोंड उघडलं नाही.
दोघांना वाटलं, चुगल्या काढायची ही नवी तऱ्हा.
एकाला वाटलं, मॅडम भ्यायल्या.
पराते सरळ बोलला, "लीडरनं असं इचारू नये,
पोरं ढिली पडतात."
तेही लिहून ठेवलंय.
अजून खोडता आलेलं नाही.

उईके आता खिडकीत तक्रारी घेतो, डाव्या हाताने.
अक्षर वाकडं, पण वाचता येतं.
परवा पुन्हा तीच रात्र, तेच फाटक,
बाईले काय समजते, तेसुद्धा.
गाडी अडकली होती, साखळी यायला सात मिनिटं लागली.
मी उभी राहिले. घाम मानेवरून पाठीत उतरत गेला,
कुणीतरी मोबाइलवर माझं शूटिंग करत होतं.
शिफ्ट संपूनही थांबलेला उईके मागून म्हणाला,
"एक बोलू का मॅडम? परमिट दोन नंबर फीडरचं हाय.
हा खांब तीनचा."
मी टॉर्च मारला, खांबावरचा आकडा वाचला.
तीन.
पट्टा आवळत असलेला पोरगा माझ्याकडे बघत राहिला.

घरी येऊन लिहिलं: उईके बोलला म्हणून निभावलं.
आठ दिवस व्हायचेत अजून,
पण खाली एक ओळ आताच घातली आहे.
त्या रात्रीसुद्धा
तो बोललाच होता.