उपपद

शनिवारी चार ते पावणेपाच माझा पाठ.
मिरजेत, मिशन दवाखान्यामागची जुनी नर्सिंगची खोली,
भिंतीवर अजून हाडांचा तक्ता,
त्याच्या बरगड्यांवर मी चिकटवलेली
केळी, छत्री, सफरचंद.

मागच्या बाकावर थोरात सर,
मांडीवर निरीक्षणाचा कागद, पेनाचं टोपण दातात.
परवाच म्हणाले होते, हन्नाबाई, तुम्ही फार बोलता.
शिक्षकानं कमी बोलावं, वर्गानं जास्त.
बावीस वर्षं मराठी शाळेत घसा फोडला मी,
आता पंचेचाळिशीत, पदव्युत्तर वर्गात,
गप्प राहायला शिकते आहे.
त्याची फी भरते आहे, तीन हप्त्यांत.

वर्गात नऊजण.
मुबारक सतारीच्या भोपळ्यांना रंग देतो,
गिऱ्हाईक जर्मनीचं, ते फोनवर काय विचारतं कळत नाही.
तासगावचे दोघे भाऊ, खिशात बेदाणे.
आणि शेवंताबाई, सांगलीच्या यार्डात हळद निवडणारी,
जिची लेक मैत्रिणीशी इंग्रजीत कुजबुजते
आणि आई आली की हसते.
मला ते हसू समजायला पाहिजे, म्हणाली.

आजचा विषय उपपदं. ए, ॲन, द.
आपल्याकडं ही नाहीत.
माणूस आला, म्हणतो आपण.
कुठला, ते ऐकणाऱ्याला ठाऊक असतं
नाहीतर तो विचारतो, आणि आपण सांगतो, आणि चहा होतो.
इंग्रजीत दारातच सांगावं लागतं,
ओळखीचा का अनोळखी.

आय मेक सितार, मुबारक म्हणाला.
मी गप्प. नुसतं एक बोट वर केलं.
आय मेक ए सितार.
मग बोट नसताना, स्वतःच्या जिवावर:
वन मॅन कम. ही बाय द सितार.
कम चुकलं, बाय चुकलं,
पण तो द!
मागं सरांचं पेन हललं.

तेवढ्यात शेवंताबाई:
बाई, गॉडला काय लावायचं? ए का द?

माझ्या पाठ-टाचणात या प्रश्नाला चौकट नव्हती.
अपेक्षित चूक, अपेक्षित उत्तर, मिनिटं,
सगळ्या चौकटी भरलेल्या.
नऊ जणांचे डोळे माझ्या गळ्यातल्या
गव्हाएवढ्या क्रूसावर.

नाव घालायला आली तेव्हा फाटकातच विचारलं होतं तिनं,
शिकलं की चर्चला यावं लागतंय का?
नाही म्हटल्यावर माझ्याकडं अशी बघत राहिली,
जसं उधारी नको म्हणणाऱ्या वाण्याकडं बघावं.

माझे पपा कंपाउंडर. औषधाच्या पुडीवर वचन लिहून द्यायचे.
लोक औषध घ्यायचे, कागद टाकायचे,
पपा वेचायचे तो कागद, पुन्हा पुडी बांधायला.
आमच्या तुकडीतला शमुवेल म्हणतो, अशी संधी सोडू नये.
मी रात्रभर भांडले आहे त्याच्याशी, मनातल्या मनात,
आणि दर वेळी जिंकले आहे असंही नाही.
पण ज्यानं उपपद मागितलं
त्याला उपपदच द्यावं.

नावाला काही लावत नाहीत, म्हटलं.
शेवंताच्या आधी लावतो का काही? नुसती हाक मारतो.
मंजी मोकळंच?
मोकळंच.
तिनं वहीत गॉड लिहिलं, अलीकडं जागा सोडली,
खरंच मोकळी आहे ना, बघायला बोट ठेवलं.
पिवळा ठसा उमटला तिथं.
मी खोडरबर पुढं केलं नाही.

सरांचा कागद:
वेळ तीन मिनिटं जास्त.
फळ्यावरच्या ओळी उजवीकडं उतरतात.
अनपेक्षित प्रश्न: ठीक.
ठीक खोडलेलं, आणि खाली पुन्हा, ठीक.

रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले.
हे स्वर्गीय बापा, एवढं म्हटलं
आणि थांबले.
शिक्षकानं कमी बोलावं.
बाहेर कोणीतरी तंबोऱ्याची एकच तार
पुन्हा पुन्हा लावून बघत होतं, लागत नव्हती.

मग आठवलं, ॲन राहिलाच.
सोमवारी छत्री पुन्हा.