कोपरापासून बोटापर्यंत

सदरमधल्या दुकानात कुलर घरघरतो,
वाळ्यापेक्षा बंदुकीच्या तेलाचा वास जास्त.
ताहेरभाई काउंटरवर जुनी सतरंजी अंथरतात
आणि तिच्यावर तीन रायफली ठेवतात,
झोपलेल्या माणसाला अंथरुणावर सरकवावं
तशा, आवाज न करता.

"तुम्हीच सांगा एखादी," मी म्हणते.
"आपण नाही सांगत, बाई. खांदा सांगतो."

लायसन्स आधी बाबांचं होतं.
त्यांची रायफल निवडणुकीत ठाण्यात जमा झाली
आणि मालखान्याच्या ओलीत दोन पावसाळे विसरली गेली.
परत मिळाली तेव्हा नळीतून पाहिलं:
उजेड आला,
पण सरळ आला नाही.

पहिली कोरी, कारखान्याच्या ग्रीसमध्ये माखलेली.
बोल्ट उचलला, मागे ओढला.
दातांत खडा आल्यासारखी खरखर.
"हजार वेळा ओढा, मग गुळगुळीत होते."
हजार वेळा!
माझ्या पुस्तकात वर्षाची काडतुसं तीस,
वनखात्याच्या कागदावर रानडुकरं दोन,
आणि भुईमूग उकरायला येतात ती
कागद वाचून येत नाहीत.

दुसरी देखणी. अक्रोडाचा कुंदा, पितळी पाटी,
पाटीवरची अक्षरं कुणीतरी मुद्दाम घासलेली.
सोबत दुर्बीण, अजून न बसवलेली.
ती नुसती हातात घेऊन मी दारातून बाहेर पाहिलं.
रस्त्यापलीकडे रसवंतीवाला पोरगा
चिपाडावरच्या माश्या हाकलत होता;
त्याच्या भुवईतली टाक्यांची खूण दिसली.
हातात फक्त काच होती,
तरी माझं बोट वाकलं.
दुर्बीण मी पालथी ठेवली.
ताहेरभाईंनी पाहिलं, बोलले नाहीत, चहा सांगितला.

मग टेप काढली त्यांनी, शिंप्याची.
कोपर काटकोनात धरायला लावलं,
कोपराच्या आतून बोटाच्या पेरापर्यंत मोजलं.
"साडेबारा. बाजारात साडेतेराच्या खाली मिळत नाही."
"का?"
"कारखान्यात बाईचा हात मोजलाच कुणी?"

तिसरी त्यांनी शेवटी उलगडली, मलाच दाखवायची की नाही
हे ठरवत.
कुंदा करवतीनं कापलेला, टोकाला ट्यूबचं रबर,
खिळे हातानं ठोकलेले.
"श्रावण कोवे. रोपवाटिकेचा राखणदार.
अस्वलानं धरला तेव्हापासून उजवा हात सरळ होईना.
मग हाताएवढी बंदूक केली त्यानं."

डोळे मिटून खांद्याला लावली.
डोळे उघडले, तर माशी खाचेत बसलेली,
पलीकडे भिंतीवरच्या घड्याळाचा सहाचा आकडा.
मला मान वाकवावी लागली नाही.
बोल्ट ओढला:
रोज उघडणाऱ्या दाराची कडी.

कुंद्याखाली बोटाला खाचा लागल्या.
सात. आठवी अर्धीच.
"ही काय?"
"बायको विकायला आली होती. विचारलं नाही.
विकणाऱ्याला विचारायचं नसते."
खाच उथळ होती. चाकू थांबला होता,
की हात, की मन,
की जनावरच पुढे निघून गेलं होतं.

पैसे मोजले. रजिस्टरमध्ये नंबर, सही, अंगठा.
बोल्ट काढून वेगळ्या पिशवीत,
रायफल बाबांच्या जुन्या चादरीत.

उमरेडच्या बसमध्ये मांडीवर आडवी घेतली.
शेजारच्या बाईनं टरबुजाची पिशवी सावरत विचारलं,
"काय हाय जी? पडद्याचा दांडा?"
"हाव."
तिनं लांबी नजरेनं मापली.
"खिडकी लय मोठी असन!"
चादरीतून माझा अंगठा अर्ध्या खाचेत जाऊन बसला होता.
"सहा एकर," मी म्हटलं.